अक्कानं दाखवलेली जागा

आपल्या समाजाच्या ग्रुपवर माझ्या अक्काचा फोटो आला तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, चांगलं वाटलं. पण फोटोखाली नाव अन् गाव सोडून काहीच नव्हतं. मग कोणीतरी खाली लिहिलं, ही ती पाइपलाइनवाली मनकर्णाबाई ना, एकटी वावरात राहायची ती. हो, तीच. पण पाइपलाइनवाली म्हटलं की लोकांना वाटतं पैशासाठी भांडली. तसं नव्हतं. म्हणून मी लिहून राहिली. मी प्रतिभा, तिची लहान बहीण. शाळा माझी चौथीपर्यंत, जसं बोलते तसंच लिहिते, सांभाळून घ्या.

आम्ही दोघी रावेरकडच्या. आई आमची लवकर गेली. अक्काला हद्दीपलीकडं, हिंदी मुलखात, बहादरपूरला दिलं, हिरामण भाऊजींना, केळीवाले लोक. मला कागदाच्या मिलमध्ये नोकरी करणाऱ्या लीलाधरना दिलं. ते रिटायर झाल्यावर आम्ही बहादरपूरजवळच्या शहरात, लोधीपुऱ्यात, घर घेतलं. हिरामण भाऊजी आधी गेले, मग आमचे हे गेले. दोघी बहिणी दोन ठिकाणी एकट्या. मी किती वेळा म्हटलं, अक्का ये माझ्याकडं, माझ्या घरी नळ आहे, बाजूला बाया आहेत बोलायला. ती म्हणे, "तू ये ना मग इथं." मी म्हणे, "मी काय करू वावरात, केळीशी बोलू?" ती म्हणे, "केळी ऐकते तरी. तू तर मधेच बोलते."

वावरातच तिची खोली होती, भाऊजींनी बांधलेली, वर पत्रे. सकाळीच दोन्ही टाइमच्या भाकरी करून ठेवायची. एका माणसासाठी दोनदा चूल कोण पेटवतो म्हणे. मोबाइल घेऊन दिला मी, तर तिनं तो स्टीलच्या डब्यात ठेवला, धूळ जाते म्हणून. मग मी फोन लावू लावू थकायची. बाजूच्या वावरातल्या गोटूला लावावा लागायचा. गोटू तिच्या पुतण्याच्या वयाचा, तोंडाळ माणूस, तो बांधावरून ओरडायचा, "काकू, तुमच्या डब्यात बहीण वाजून राहिली!"

तर त्या वावरात एक दिवस खुंट्या ठोकल्या. गॅसची पाइपलाइन जायची होती, कुठून कुठं ते मला नाही ठाऊक, दूरची होती. कंपनीची माणसं अन् पटवारी आले, नकाशा धरून चालले, केळीच्या मधून लाल कपडा बांधलेल्या खुंट्या. गावात सगळ्यांना समजावून सांगितलं, की जमीन सरकार घेत नाही, जमीन तुमचीच, फक्त खालून पाइप न्यायचा हक्क घेते. पाइप गाडला की वरून शेती करा, पण त्या पट्ट्यात झाड लावायचं नाही, विहीर नाही, घर नाही. पिकाचं नुकसान देऊ. कोणाला हरकत असेल तर नोटीस छापून आल्यापासून तीन आठवड्यांच्या आत लिहून द्या. हरकतीला इकडं हिंदीत आपत्ति म्हणतात.

गावात कोणाची केळी घडावर आली होती, कोणाची लहान होती, सगळे तेच बोलून राहिले, किती मिळेल. गोटू अक्काला म्हणे, "काकू तुमची तर मज्जा, गॅस तुमच्या पायाखालून चालला, नळी लावा अन् फुकट चहा करा." अक्का हसली नाही. तिनं खुंटी ठोकणाऱ्याला विचारलं, "खड्डा किती खोल?"

तो म्हणे, "माताजी, आदमी खडा हो जाए इतना समझो."

तेव्हापासून तिचं जेवण गेलं. गोटूनं मला फोन करून सांगितलं, की मावशी तुम्ही या, काकू खोलीच्या दारात बसून राहते, केळीला पाणी पण सोडत नाही. मी रिक्षा करून गेली. विचारलं काय झालं, तर ती म्हणे, "माझा पोऱ्या आहे ना तिथं."

तुम्हाला सांगते. आमच्यात दात यायच्या आधी लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. घरातली दोन माणसं घेऊन जातात, ठेवून येतात, मागं वळून पाहत नाहीत. अन् आईला जागा सांगत नाहीत. सांगितली तर ती रोज तिथं जाऊन बसते, लेकराचा जीव अडकतो, अन् मग कूस पुन्हा भरत नाही. नाही सांगितली तर तेच लेकरू वापस पोटी येतं, असं मोठी माणसं सांगायची. तुमच्यातल्या जुन्या माणसांना विचारा, तेही हेच सांगतील.

अक्काचा पोऱ्या बारशाच्या आधी गेला. आई नव्हती म्हणून तिचं बाळंतपण सासरीच केलं होतं. ऊन फार होतं त्या साली. लेकरू गरम झालं अन् गेलं. ती आत बाळंतिणीच्या खोलीत, दार लावलेलं, बाहेरून भाऊजी अन् त्यांचा लहान भाऊ दगा घेऊन गेले. मी दुसऱ्या दिवशी पोचली तर ती भिंतीकडं तोंड करून होती. तिला पुन्हा दिवस गेलेच नाहीत. दुसरं लेकरू यावं म्हणून जागा सांगितली नाही, अन् दुसरं आलंच नाही, तरी कोणी जागा सांगितली नाही. भाऊजींना तिनं एकदा विचारलं होतं, जेवताना. ते ताट सोडून बाहेर गेले. मग तिनं विचारलं नाही. अन् भाऊजी एक दिवस छातीत दुखलं अन् गेले, सांगायला टाइमच नाही मिळाला.

मी म्हटलं, "अक्का, इथंच ठेवलं हे तुला कोणी सांगितलं?"

ती म्हणे, "सांगाले कशाला पाहिजे. वाटणीत तुह्या भाऊजीनं रस्त्यावरचं चांगलं वावर दगाले दिलं अन् हे नाल्याकडचं मागून घेतलं. लोक म्हने हिरामण येडा झाला. मी समजली."

म्हणून ती वावर सोडत नव्हती. आम्ही सगळे म्हणायचो जमिनीचा लोभ आहे बाईला.

गोटूनं ऐकलं तर त्यानं त्याच्या परीनं रस्ता काढला. म्हणे, "काकू, एक दगड ठेवा, शेंदूर फासा, अन् म्हसोबा म्हना. कंपनीवाले पटवाऱ्याले नाही भेत पन म्हसोबाले भेतात. खुंट्या आपोआप सरकतात."

अक्का म्हणे, "देवाच्या नावानं खोटं नाही बोलत मी. अन् दगड ठेवू कुठं? जागा ठाऊक असती तर रडनं कशाचं होतं?"

मग मला ललित आठवला. ललित वकील, शनवारा भागात एका कापडाच्या दुकानावर त्याचं ऑफिस आहे, जिना असा अरुंद की चढताना भिंतीला खांदा घासतो. त्याचे वडील आमच्या यांच्यासोबत मिलमध्ये एकाच पाळीत होते. पाइपलाइनच्या आपत्त्या त्या वेळी तोच जास्त लिहून राहिला होता. आम्ही गेलो तर बाहेर बाकावर सगळे केळीवाले बसलेले. आमचा नंबर आला तर तो पाया पडला अन् लगेच त्यानं पेन काढलं.

"मावशी, जल्दी सांगा. किती खोडं जातात पट्ट्यात? बाग नवी लावलेली का पिलबाग? तसा मुआवजा लिहू, नुकसानभरपाई."

अक्का म्हणे, "मुआवजा नको लिहू."

"मग झाडं आहेत का? विहीर? बोअर?"

"नाही."

"मग आपत्ति कशाची?"

पंखा फिरून राहिला. बाहेरचे लोक खोकून राहिले. मग अक्का खाली पाहून बोलली, "त्या वावरात मी चप्पल घालून पाय ठेवला नाही बाबा. इतके साल. बांधावर काढते. काट्यात, उन्हात, गाऱ्यात. मले ठाऊक नाही ना तो कुठं आहे. कुठंबी पाय पडू शकतो."

मी तिची सख्खी बहीण. मला वाटायचं तिचा काही नवस आहे. मीपण तेव्हाच ऐकलं.

ललितनं पेन खाली ठेवलं. सगळं नीट विचारून घेतलं. मग खरं खरं सांगितलं, ते मला आवडलं. म्हणे, "मावशी, कायद्यात असं आहे की जिथं माणूस राहतो, जिथं पक्कं बांधकाम आहे, तिथून पाइप नेता येत नाही. पण लेकराची जागा म्हणजे बांधकाम नाही. वर चार विटांचा ओटा असता तरी मी भांडलो असतो. काहीच नाही ना वर? मग लाइन सरकवा म्हटलं तर नाही सरकवणार. पण दुसरी गोष्ट मागू. पट्टा चौडा असतो, खड्डा त्याच्यातल्या त्याच्यात एका बाजूनं खोदतात. बाकी जागा मशीन अन् मातीसाठी. तर साहेबाला म्हणू, खड्डा त्या जागेपासून दूरच्या बाजूनं घ्या. हे ऐकू शकतात. फक्त जागा नक्की सांगावी लागेल. तिथं लिहावं लागेल, कुठं."

"दगाले ठाऊक आहे," अक्का म्हणे.

दगा गावात राहायचा. वाटणी झाल्यापासून येणं जाणं नव्हतं, लग्नात समोर आले तर रामराम, बस. आम्ही दोघी त्याच्या ओट्यावर गेलो. आता तोपण म्हातारा, गुडघ्याला तेल लावत बसलेला. अक्कानं बसायच्या आधीच विचारलं. तो तेलाची वाटी पाहत राहिला.

"वैनी, चहा घे."

"चहा प्यायले नाही आली."

"भाऊनं शपथ घातली होती. तुले सांगाचं नाही म्हने."

"भाऊ गेला ना रे आता. अन् मी काय आता बाळंत होनार आहे?"

त्याची सून आतून हसली, मग गप झाली. दगानं मान हलवली. "शपथ शपथ राहते वैनी. मेलेल्या मानसाची तर जास्तच." मग वाटी खाली ठेवून म्हणे, "साहेबाले सांगतो मी. तुले नाही सांगत. साहेबानं विचारलं तर सांगाच लागीन."

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी दगा आला, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. कलेक्टर ऑफिसच्या एका खोलीत ते साहेब बसले होते, पाइपलाइनच्या आपत्त्या ऐकायला नेमलेले. आधी मुआवज्यावाले, मग आमचा नंबर. ललितनं कागद वाचला, हिंदीत. अक्का खुर्चीच्या टोकावर बसलेली, पदर तोंडाला. साहेबानं दगाला विचारलं, जगह कहाँ है.

दगा हात जोडून म्हणे, "साहेब, आधी बाईले बाहेर बसवा, मग सांगतो."

साहेब म्हणे, "अरे, आपत्ति तो इन्हीं की है. ये बाहर जाएँगी तो मैं सुनूँ किसकी?"

दगा ललितकडं पाहे, माझ्याकडं पाहे. ललित म्हणे, "काका, ह्या बाहेर गेल्या तर केस पण बाहेर गेली." मग दगा उभ्या उभ्या खिडकीकडं वळला. आमच्याकडं पाठ केली. अन् खिडकीला सांगितलं.

म्हणे, भाऊनं लेकराला वैनीच्याच जुन्या लुगड्यात घेतलं होतं. मी कुदळ अन् मीठ घेतलं. मी पोरगाच होतो, मिसरूड नव्हतं फुटलं. वावरात एकच मोठं झाड, निंबाचं. ऊन असं की जमीन पाय भाजे. तर भाऊ म्हणे सावलीत खोद, पोराला ऊन नको लागू देऊ. निंबाच्या सावलीत खोदलं. कंबरेइतकं. भाऊनं अंगातलं नवं शर्ट काढलं, खाली अंथरलं, वर पोराला ठेवलं. मीठ टाकलं. माती ओढली, वर बाभळीच्या काट्या ठेवल्या, जनावर नको उकरायला. भाऊ उघड्या अंगानं घरी आला.

अक्का एकदम बोलली, साहेबासमोर, "त्या शर्टावरून मी भांडली होती." कोणालाच नाही, अशीच बोलली. "नवं शर्ट कुठं हरवलं म्हने मी. सव्वा महिना झाल्यावर. वर्षभर बोलून दाखवलं. तो म्हने बाजारात चोरी गेलं."

साहेबानं पाणी दिलं तिला. मग सांगितलं की लाइन तर नाही हटणार, पण जागा वावरात जाऊन दाखवा, चुना टाका, पंचनामा करा, इंजिनियर सोबत राहील, खड्डा त्या जागेच्या दुसऱ्या बाजूनं घेतील. तसं लिहून दिलं. ललित जिन्यात म्हणे, "मावशी, जिंकलो समजा." त्यानं फी नाही घेतली आमच्याकडून. त्याच्या बाकावर मी केळीचा एक घड ठेवून आली, तर तो म्हणे एवढा घड मी एकटा कधी खाऊ.

त्या आठवड्यात अक्का चांगली जेवली. मला म्हणे, "दगानं निंब म्हटलं ना? निंबाची जागा मले डोळे झाकून ठाऊक आहे."

निंब वादळात पडून लई वर्षं झाली होती. पण त्याची जागा खरंच ठाऊक होती, तिथं नांगराला मुळी लागायची. आता वर केळी. जागा दाखवायच्या दिवशी इंजिनियर आला, टोपी घातलेला, नरम बोलणारा माणूस, पटवारी आला, ललित आला, गोटू चुन्याचा डबा घेऊन आला. अक्कानं निंबाची जागा दाखवली, तिथं गोटूनं काठी रोवली. इंजिनियरनं फीत धरली तर पट्ट्याची मधली रेघ काठीजवळूनच गेली. तो म्हणे, "कोई बात नहीं. खड्डा इधर गाँव की तरफ ले लेंगे, या उधर नाले की तरफ. बस बता दो, बच्चा किधर है."

सगळ्यांनी दगाकडं पाहिलं.

दगा काठीपाशी गेला. गावाकडच्या बाजूला चार पावलं गेला, उभा राहिला. मग वापस आला, नाल्याकडच्या बाजूला गेला. तिथं उभा राहिला. टोपी काढली. घाम पुसला. पुन्हा इकडं आला.

गोटू म्हणे, "काका, पाऊस पडायच्या आधी सांगा."

"सावलीत होतो," दगा म्हणे. "सावलीत खोदलं, हे पक्कं."

ललित म्हणे, "सावली कोणत्या बाजूला होती, काका?"

"झाडाच्या."

"काका, सकाळी सावली गावाकडं पडते, दुपार कलली की नाल्याकडं. तुम्ही आले कधी? सकाळी का दुपारून?"

दगाला आठवेना. ऊन आठवे, मीठ आठवे, भावाचं उघडं अंग आठवे. टाइम आठवेना. इतके साल शपथ सांभाळली, तोंडातून शब्द काढला नाही, बायकोलापण नाही सांगितलं, अन् मनातल्या मनात जागा पुसत गेली, त्याचं त्यालाच कळलं नाही. तो बांधावर बसला अन् लहान पोरासारखा रडायला लागला. "भाऊले विचाराचं राहिलं. वैनी, भाऊले विचाराचं राहिलं."

अक्का त्याच्याजवळ गेली. मला वाटलं आता बोलेल काहीतरी, बोलायचा तिचा हक्क होता. ती म्हणे, "तू नको रडू. तू पोरगा होता."

इंजिनियर घड्याळ पाहून राहिला. मग ललितलाच हळू म्हणे, दोनों तरफ नहीं छोड़ सकते, एक तरफ बोलना पड़ेगा. ललितनं अक्काला समजावलं. मावशी, तुम्ही नाही सांगितलं तर हे मधून खोदतील, मग ना ती बाजू राहील ना ही बाजू. तुम्हाला काही आठवतं का, घेऊन गेले तेव्हा सकाळ होती का दुपार?

ती आत होती ना. बाळंतिणीची खोली, खिडकीला गोधडी लावलेली, अंधार. तिला काय सकाळ अन् काय दुपार. ती काठीपाशी उभी राहिली, पाय उघडेच, डोळे झाकले. मग मला जवळ बोलावलं, बाकीचे पुरुष माणसं म्हणून हळू बोलली. "त्यानं पहाटं पेलं होतं थोडंसं. मग नाही पेला. नेला त्याले तेव्हा मले दूध दाटलं नव्हतं. मागून दाटलं. पार दुखाले लागलं, चोळी भिजली. दुपारून नेला असता तर आधीच दाटलं असतं. नाही का?"

मी म्हटलं, "हो अक्का." काय म्हणू मी?

"मग सकाळच," ती म्हणे. तिनं गोटूच्या हातातून चुन्याचा डबा घेतला, गावाकडच्या बाजूला गेली, खाली बसली अन् हातानं चुना टाकला. गोल. लेकराला निजवतात तेवढाच गोल. पटवाऱ्यानं लिहिलं. दगानं अंगठा दिला, तिनं सही केली.

मशीन आली तेव्हा खड्डा नाल्याकडच्या बाजूनं घेतला, जसं ठरलं तसं, एक हात इकडं आले नाहीत, खोटं कशाला बोलू. मी दोन दिवस तिथंच होती. मला वाटलं ती चुन्यापाशी बसेल. ती तिथं गेलीच नाही. ती खड्ड्याच्या काठावर बसली, मातीच्या ढिगापाशी. मशीनचा पंजा माती टाकी, ती पाही. मशीनवाला ओरडे, अम्मा पीछे, अम्मा पीछे. ती थोडी मागं सरके अन् पुन्हा पाही. ढेकूळ हातात घेई, फोडी, खाली ठेवी.

पाइप उतरवला, माती वापस लोटली, वर सपाट केलं. मी म्हटलं, "पाहिलं ना अक्का, काहीच नाही निघालं. म्हणजे तो इकडंच आहे, तू दाखवला तिथं."

ती म्हणे, "इतक्या सालात काय निघनार गं. दात बी नव्हते त्याले."

नंतर ललित एकदा मुद्दाम आला, पाइपलाइनचे पिवळे खांब लागले होते तेव्हा. म्हणे, "मावशी, तुमचा गोल पट्ट्याच्या आत येतो, तिथं नाही बांधता येणार, पण पट्ट्याच्या बाहेर, गावाकडं, एक लहान ओटा बांधून घ्या, कोणी हटकणार नाही. दिवा तरी लावाल." मलापण पटलं. मी म्हटलं विटा मी देते.

अक्का म्हणे, "नको. बांधलं म्हंजे तो तिथलाच झाला. तिथला नसला तर?"

ती त्याच्यानंतर पण चप्पल काढूनच जायची. पण आधी तिला आत कुठंही बरं वाटायचं, सगळं वावरच तिला त्याचं होतं. आता एका बाजूला चुना अन् एका बाजूला पाइप, अन् ती दोन्हीकडं जाईना. केळी गोटूला कसायला देऊन टाकली. खोलीच्या दारात बसून राहायची, तोंड रस्त्याकडं, वावराकडं पाठ. मी गेली की तेच. "प्रतिभा, पहाटं पेला होता ना तो? का आदल्या रात्री?" मी म्हणे, अक्का मी तर दुसऱ्या दिवशी आली. "हां, तू दुसऱ्या दिवशी आली." मग पुन्हा, "चोळी भिजली ती त्याच दिवशी ना?" मी शेवटी म्हणायला लागली, हो, त्याच दिवशी. "तुले काय ठाऊक," ती म्हणे. रागानं नाही. असंच.

मागच्या थंडीत तिला खोकला झाला, अंगात राहिला. मी तिला लोधीपुऱ्याला आणली, आली बिचारी काही न बोलता, त्याचंच मला भ्या वाटलं. दवाखाना केला, सलाइन लावल्या. पलंगावर पडली की पाय खाली सोडायची, जमीन चाचपायची, थंड फरशी लागली की वर घ्यायची. आठ-पंधरा दिवस राहिली माझ्याकडं. बोलायची कमी. एका सकाळी मी चहा घेऊन गेली तर झालं होतं.

तापीच्या घाटावर नेलं. माणसं थोडी होती, गोटू होता, ललित कोर्ट सोडून आला होता. दगानंच अग्नी दिला, दुसरं कोण देणार. सगळं आटपल्यावर लोक हातपाय धुवायला गेले, मी वर दगडावर बसली होती. दगा माझ्याजवळ आला. टोपी हातात, गुडघे दुखतात म्हणून काठीवर टेकून.

म्हणे, "प्रतिभा, सकाळच होती. आता वाटतं, सकाळच होती. भाऊ उघड्या अंगानं घरी आला तवा शेजारचे न्याहारीले बसले होते, मले बोलावलं त्यायनं, ये रे दगा भाकर खा. मी नाही गेलो. आता आठवलं. आग लावताना आठवलं."

मी त्याच्याकडं पाहिलं. खरं बोलून राहिला का मला बरं वाटावं म्हणून, मला नाही समजलं.

मी म्हटलं, "आता कोणाले सांगतो रे भाऊ."

त्यानं टोपी डोक्यावर घातली. मग एक एक पायरी धरत खाली पाण्याकडं गेला.